पाण्याचा पाइप वायरिंगला चालेल का?

प्रश्न : आमचं मानेवाड्याला वरच्या मजल्याचं बांधकाम सुरू आहे. प्लंबरचे पीव्हीसी पाइप बरेच उरले, मिस्त्री म्हणतो यातूनच वायर टाकून देऊ, पैसे वाचतील. चालते का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नका टाकू भाऊ. दोन्ही पीव्हीसीच, पण काम वेगळं. पाण्याचा पाइप आतलं प्रेशर झेलायला बनवतात, त्यावर आयएस 4985 हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असतो. कंड्यूटवर, म्हणजे वायरिंगच्या खास पाइपवर, आयएस 9537, आणि ज्वाला बाजूला केली की तो आपोआप विझला पाहिजे अशी त्याची टेस्टच असते, शॉर्टसर्किट झालं तर हेच कामी येते. खरा घोळ तर वळणावर होतो, प्लंबिंगचा एल्बो एकदम काटकोनात वळतो, त्यातून वायर ओढली की आतल्या कडेला घासून इन्सुलेशन सोलून निघते, कंड्यूटचा बेंड लांब गोलाईचा असतो म्हणून वायर सरकत जाते अन् पुढं बदलायची झाली तरी भिंत फोडा लागत नाही. कंड्यूटमधून पाणी तर अजिबातच नको, तो ना प्रेशरचा, ना पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेला. उरलेले पाइप कूलरच्या पाण्याच्या लाइनला वापरा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लागतेच. गिझरला मात्र सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी झेलणारा पाइपच घ्या.