चार गाईंच्या गोठ्यात नवरा-बायकोनं कामं कशी वाटून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय, गोठ्यातलं बायको बघते आणि अवजड कामं तुम्ही करता, तरी रोज वाद होतात. अवजड कामं पुरुषांकडे असतात हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. एकदा हिशोब करून बघा. दुभती गाय दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चार गाईंचं अडीचशे लिटर धरलं तर १५ लिटरच्या १७ बादल्या होतात. गाईमागे १५-२० किलो शेण, म्हणजे रोज ६०-८० किलो, तेही वाकून उचलायचं. अधूनमधून ५० किलोचं पेंडेचं पोतं उतरवणं याच्यापुढे काहीच नाही. हाती पैसा आला की आधी गव्हाणीपर्यंत नळ न्या, कुट्टीच्या मशीनची मोटर नंतर.

पण कष्ट वाटून घेतले तरी नुकसान थांबत नाही, कारण जी जनावर बघते तिला ठरवायची मुभा नसते. माजाचंच घ्या, म्हणजे गाय गाभण राहायला तयार होते त्या वेळेचं. गाय माजावर आली की धार काढणाऱ्याला पहिल्यांदा कळतं. दूध घटतं, गाय नीट पान्हा सोडत नाही, हंबरते, निरणातून, म्हणजे योनीमार्गातून, काचेसारखी सोट (चिकट स्राव) लोंबते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करून घ्यायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बायकोनं पहाटे ओळखलं, पण डॉक्टरला फोन तुम्हीच करायचा आणि तुम्ही घरी येणार रात्री. वेळ हुकली. पुढचा माज साधारण २१ दिवसांनी, तोवर वेत लांबलं आणि भाकड काळातला चारा अंगावर पडला. डॉक्टरचा नंबर तिच्या फोनमध्ये हवा, त्याची फी तिच्या हातात हवी आणि दुधाचं बिल तिच्या खात्यावर यायला हवं. यावर मी तडजोड सुचवणार नाही.

दगडीचंही, म्हणजे कासेच्या सुजेचंही, तसंच. पहिल्या दोन-तीन धारा गडद भांड्यात काढल्या की गाठी लगेच दिसतात. उपचाराला उशीर झाला तर सड कायमचा जाऊ शकतो. धार झाल्यावर सड औषधात बुडवायचे आणि अर्धा तास गाईला बसू द्यायचं नाही, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. ती उभी राहावी म्हणून नेमकी तेव्हाच वैरण टाकायची. हे काम धार न काढणाऱ्याचं, म्हणजे तुमचं.

धारेच्या पाळ्या मात्र एकदम लावू नका. हात बदलला की काही गाई दूध चोरतात. आधी काही दिवस बायको धार काढताना शेजारी बसा, मग संध्याकाळची धार घ्या. बायको आजारी पडली तर गोठा अडायला नको.

आणखी एक, गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, तर वार (जार) आणि मेलेलं वासरू हातमोज्यांशिवाय कुणीच उचलू नये. गाय गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस हा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. बायको गरोदर असेल तर तिनं तिकडे जायचंच नाही.