एकच क्रीम, भावाला लागू पडते आणि मला नाही

प्रश्न: नमस्कार, मी दीड वर्षापासून घरीच चाकावर मातीची भांडी करते आणि माझा धाकटा भाऊ जुन्या मोटारसायकली उघडून बसतो, त्यामुळे दोघांचेही हात कायम बरबटलेले. त्याने कामाआधी लावायची एक बॅरिअर क्रीम आणलीय, ती लावली की त्याचं ग्रीस, काळं ऑइल साध्या साबणाने निघून जातं. मी तीच लावून चाकावर बसले तर पाच मिनिटांत बुळबुळीत होऊन मातीबरोबर वाहून गेली, आणि संध्याकाळी हात नेहमीसारखेच खडखडीत कोरडे, पेरांवर भेगा. क्रीम डुप्लिकेट आहे की माझी कातडीच वेगळी आहे? ग्लोव्हज घालून मला जमत नाही, मातीचा अंदाजच येत नाही.

उत्तर: ताई, क्रीम अस्सल असावी आणि कातडीही ठीकच असणार, फक्त ती क्रीम तुमच्या कामाची नाहीये. दुकानात सगळे डबे एकाच फळीवर असतात म्हणून कळत नाही, पण यात दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. भावाची आहे ती तेलकट घाणीसाठीची. तिच्यात ग्लिसरीन, साबणासारखे घटक, बरेचदा केओलिन असतं (म्हणजे चिनी माती, तुमच्याच चाकावरची मंडळी!), ती हातावर वाळून पातळ पापुद्रा होते, तेल त्यात शिरत नाही आणि शेवटी पाणी लागलं की पापुद्रा विरघळून घाणीसकट निघून जातो. म्हणजे ती पाण्यात विरघळणारच, तोच तर तिचा गुण. तुमचे हात पहिल्या मिनिटापासून पाण्यात, तर तिने तिचं काम चोख केलं, फक्त तुम्हाला हवं होतं त्याच्या तीन तास आधी.

तुम्हाला पाणी अडवणारी हवी. डब्यावरची घटकांची यादी वाचा, पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन, डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन, झिंक ऑक्साइड असली नावं यादीत वरच्या बाजूलाच दिसली की ती ही जात. आणि ती भावाला देऊ नका, तेल तेलात मिसळतं त्यामुळे त्याला काही उपयोग नाही. खरं तर साधी पेट्रोलियम जेलीही चालते, ती आली तेलविहिरींवरूनच, तिथले कामगार दांड्यांवर साचणारा मेणचट थर भाजल्या-कापल्यावर लावायचे, ते पाहून चेसब्रो नावाच्या केमिस्टने १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. मजूर लोकांचीच युक्ती ती.

पण एक सांभाळा. पहिल्या, कच्च्या भाजणीतून काढलेल्या भांड्याला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावायच्या दिवशी ही क्रीम नको, बोटांचा तेलकटपणा भांड्याला लागला की ग्लेझ तिथे धरत नाही, भट्टीत आकसून टक्कल पडतं. भावाने टाकी रंगवायला घेतली तर त्यालाही हेच, सिलिकॉनवाल्या हाताने पत्र्याला शिवलं की रंगात छोटे छोटे खड्डे पडतात आणि मग माणूस रंगाला शिव्या देतो.

लावायची कशी, तर धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या हाताला, अंगठी काढून. तळव्याला सगळेच चोळतात, राहून जातात बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि मनगट, आणि घाण नेमकी तिथेच बसते. पाचेक मिनिटं थांबा, मग कामाला लागा. मध्ये हात धुतला की परत लावायची. नखांत माती जाऊ नये म्हणून आधी ओल्या साबणाच्या वडीवर नखं ओरबाडून घ्या, नखांत साबण भरला की मातीला जागाच उरत नाही.

आता डब्यावर लिहितात ना 'अदृश्य ग्लोव्ह', ते मनावर घेऊ नका. क्रीमचा खरा फायदा इतकाच की नंतर हात कमी घासावे लागतात, आणि माझ्या मते हात कामाने जितके खराब होतात त्याहून जास्त धुण्याने होतात. मी स्वतः काही वर्षं लेथवर होतो, तिथे ग्लोव्हज घालायचेच नाहीत, फिरत्या मशीनमध्ये अडकून हातच आत ओढला जातो, म्हणून क्रीम लावायचो आणि सुटी झाली की शहाण्यासारखं रॉकेलने हात धुवायचो. घाण निघायची पण कातडीचं स्वतःचं तेलही निघायचं, भेगा कशाने पडतात ते कळायला मला फार वेळ लागला. भावाला सांगा, पेट्रोल नको, थिनर नको, आधी कुठलंही तेल कोरड्या हाताला चोळ, चिंधीने पूस, मग साबण. खरखरीत पेस्ट मिळते तीही ठीक, पण भेगा असताना नाही. आणि थिनर किंवा बॅटरीचं अ‍ॅसिड हाताळताना क्रीम नाही, त्या त्या रसायनाला टिकणारे ग्लोव्हजच. लेटेक्सच्या आत पेट्रोलियम जेली लावू नये, रबर खराब होतं.

तुमच्या भेगा आधी बऱ्या करा, उघड्या भेगांवर डब्यातली बॅरिअर क्रीम लावायची नाही, साधी पेट्रोलियम जेली चालते. कोमट पाण्याने हात धुऊन थोडे ओलसर असतानाच जेली लावा, वरून सुती हातमोजे घालून झोपा. युरियावाली क्रीम चांगली असते पण उघड्या भेगेवर सणसणून झोंबते. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, किंवा खाज सुटून बारीक पुटकुळ्या येतायत, तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, अ‍ॅलर्जी असू शकते, कधीकधी क्रीममधल्या सेंटचीच.

प्रश्न: बाथरूमच्या फरश्यांच्या फटी सिमेंटने भरायच्यात, छोटंसंच काम आहे. क्रीम लावून बोटाने भरलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३, कातडीचा ५ च्या आसपास, आणि ते भाजतं तेव्हा लगेच कळतही नाही, काही तासांनी आग व्हायला लागते. शिवाय त्यातल्या क्रोमियमने अ‍ॅलर्जी जडू शकते. नायट्रिलचे (कृत्रिम रबराचे) लांब ग्लोव्हज घाला, आणि आत सिमेंट गेलंय असं वाटलं तर काम तिथेच थांबवून ग्लोव्ह काढा, हात भरपूर पाण्याने धुवा आणि दुसरा घाला. आत दाबून राहिलेलं सिमेंट उघड्या हाताला लागलेल्यापेक्षा जास्त भाजतं.