बाहेरच्या माणसाची खुर्ची

ठाणे, रविवार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईच्या रुग्णालयात समित्यांचं काम तुझ्याकडे आलं, हे कळून फार बरं वाटलं. फोनवर तू मात्र हिरमुसलेली होतीस. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक ह्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी संशोधनात जायचं मनात होतं आणि वाट्याला आल्या विषयपत्रिका, इतिवृत्तं आणि कोरमसाठीची, म्हणजे बैठकीला पुरेसे सदस्य जमावेत म्हणून करायची, फोनाफोनी. पण आरोग्यसेवा असो, संशोधन असो की समाजकल्याण, तिथला कारभार कसा चालतो हे मला नेहमी ह्याच कागदांत दिसलं. तिन्हीकडे कायद्याने किंवा नियमाने बाहेरच्या माणसासाठी एखादी खुर्ची राखून ठेवलेली असते. त्या खुर्चीवरून जे बोललं जाईल ते निर्णयापर्यंत पोचवणं, हे तुझं काम आहे, आणि ते मोठं आहे.

तुझ्या एथिक्स कमिटीचंच घे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव नैतिकतेच्या बाजूने तपासणाऱ्या समितीचं. 2019च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच. औषधाच्या चाचणीचा प्रस्ताव चर्चेला घ्यायला जे पाच जण हजर असावे लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक असतो. म्हणजे एखादी निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. संशोधन करणारे डॉक्टर बहुधा मनापासून काम करणारे असतात, पण त्यांची नजर रोगावर खिळलेली असते. रुग्णाचा दिवस कसा जातो, हे बघायला दुसरं कुणीतरी लागतं.

मी ज्या समितीवर समाजकार्याच्या बाजूने बसत असे, तिच्यापुढे मधुमेहाचा एक अभ्यास आला होता. आखणी चोख, विमा जागच्या जागी, इजा झाली तर भरपाईचं कलमही होतं. सगळे सह्या करायच्या बेतात असताना आमच्या नागरिक सदस्य बाईंनी विचारलं, "तुर्भ्याची घरकाम करणारी बाई सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणार, मग खाऊन दोन तासांनी पुन्हा देणार. तेवढ्यात तिची सकाळची घरं बुडतील. ते पैसे कोण देणार?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत गेला. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा अंदाजपत्रकात प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी धरलेली होती, आणि रक्त तपासायला रविवारचाही पर्याय होता. मग रक्कम किती असावी ह्यावर पुन्हा चर्चा झाली, कारण पैशाच्या मोहाने कुणी धोका पत्करावा हेही आम्हाला नको होतं. माझ्या मते त्या दिवशी समितीने खरं काम केलं.

बाईंना तो प्रश्न सुचला, कारण प्रस्तावाचा मराठी गोषवारा त्यांच्या हातात बैठकीच्या बऱ्याच आधी पडला होता. दारात जाडजूड इंग्रजी फाइल हातात ठेवली, तर भलाभला माणूस मान डोलावून चहा पिऊन घरी जातो. म्हणून गोषवारा तू स्वतः लिही, एका पानाचा. बैठकीचा भत्ता आणि रिक्षाचं भाडं त्याच दिवशी मिळेल असं बघ. डॉक्टर मंडळी आपसांत भराभर बोलू लागली की अध्यक्षांना चिठ्ठी पाठव, की नागरिक सदस्यांचं मत अजून आलेलं नाही.

इतिवृत्तात "चर्चेअंती मंजूर" एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. आक्षेप काय होता, उत्तर काय मिळालं, पूर्तता कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे सगळं त्यात हवं. पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणजे त्या पूर्ततेचं काय झालं.

"बाहेरच्यांना ह्यातलं काय कळतं, नुसता उशीर होतो," हे तुला ऐकावं लागेल. उशीर होतो, हे खरंच आहे. त्याला उपाय म्हणजे कागद लवकर पाठवणं आणि बैठका ठरल्या वेळी घेणं.

ह्या गोष्टी आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. 2007 मध्ये राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं; पालघर वेगळा झाला तो पुढे 2014 मध्ये. गावकरी आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे. औषध का नव्हतं, नर्सताई का आल्या नाहीत, बाहेरून इंजेक्शन का आणायला लावलं. शहरात तेवढी धग मला कधी दिसली नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात वस्तीतल्या पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती धरलेली आहे आणि तिला वर्षाला पाच हजारांचा निधी आहे. पण दिघ्यात किंवा वागळे इस्टेटच्या चाळींत विचारून बघ, किती बायकांना आपल्या भागात अशी समिती आहे हे ठाऊक आहे.

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. तिथे आत ठेवायचं की सोडायचं हे पूर्वी डॉक्टर, न्यायाधीश आणि घरचे ठरवत. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे निर्णय तपासणारं जे पुनर्विलोकन मंडळ आणलं, त्यात दोन जागा आजारातून गेलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या संस्थांसाठी ठेवल्या. आपल्याकडची इतकी चांगली तरतूद मला दुसरी आठवत नाही.

बाहेरचा म्हणून कुणीही चालतो असं मात्र समजू नकोस. संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीवरही अशासकीय सदस्य असतात. ते बहुतेक वेळा राजकीय शिफारशीने येतात, आणि मग अर्ज घेऊन आलेल्या विधवा बाईला आपला हक्क कुणाच्या तरी मेहेरबानीसारखा घ्यावा लागतो. तुझ्या समितीवर नवी नेमणूक होईल तेव्हा आधी विचार: ह्या माणसाचं रुग्णालयाशी काही देणंघेणं आहे का? नातं, कंत्राट, वर्गणी? लेखी घे.

पहिली बैठक जवळ आली आहे म्हणालीस. समितीचे कागद मला दाखवू नकोस, गोपनीयतेच्या करारावर तुझी सही आहे. नियमांविषयी काही अडलं तर मात्र पुढच्या रविवारी ये. वाशीहून ठाण्याची थेट गाडी आहे, जेवायलाच थांब.

तुझी,
मावशी