टाळ्या सगळ्याच उड्यांना पडतात

बेटा,

तुझं पत्र आणि सोबतचं निमंत्रण, दोन्ही वाचलं. क्रीडा महोत्सवाचं उद्घाटन, कस्तुरचंद पार्क, प्रजासत्ताक दिनाचा आठवडा, संध्याकाळी ठीक साडेपाचला तू तिरंगा घेऊन पॅराशूटने आकाशातून उतरणार. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नागपूरच्या पोरीला नागपुरातूनच बोलावणं आलं, यापरतं काय हवं! पण तू सल्ला विचारला आहेस, तर उत्तर आधीच देऊन टाकतो. यंदा त्या मैदानात उतरू नकोस. का, ते आता सविस्तर लिहितो, आणि अशी उडी कुणीही, कधीही घेतली तर काय सांभाळायचं तेही.

तुझ्या लॉगबुकात २४० उड्या आहेत, आणि जवळपास सगळ्या ड्रॉप झोनवरच्या, म्हणजे उड्यांसाठीच राखलेल्या मोकळ्या जागेवरच्या. ड्रॉप झोन चुका पोटात घालतो. स्पॉट, म्हणजे विमानातून बाहेर पडायची जागा, चुकला तर शेजारच्या शेतात उतरायचं, कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, गोळा करायची, चालत यायचं आणि रात्री मित्रांचे टोमणे ऐकायचे. शहरातलं मैदान एवढं उदार नसतं. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेने, म्हणजे यूएसपीएने, प्रदर्शनाच्या उड्यांसाठी मैदानांचे दर्जे पाडले आहेत. ५ लाख चौरस फूट, म्हणजे साधारण साडेअकरा एकर मोकळी जागा असेल तर ते 'ओपन फील्ड'. त्याहून लहान जागा म्हटली की डी लायसन्स, म्हणजे त्यांचा सर्वांत वरचा परवाना लागतो, आणि तो ५०० उड्यांच्या आत मिळत नाही. पार ५,००० चौरस फुटांइतकी अरुंद जागा किंवा स्टेडियम असेल तर वरून प्रो रेटिंग, म्हणजे प्रदर्शनाच्या उड्यांचं वेगळं प्रमाणपत्र. हे सगळं तिकडचं. इकडे तुला डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी महासंचालनालय), हवाई वाहतूक नियंत्रण, पोलीस आणि जिल्हा प्रशासन यांचे उंबरे झिजवावे लागतील. पण मैदान जोखायला ती पट्टी चांगली आहे. फक्त मोजताना रिकामं मैदान मोजू नकोस. सकाळी फिरायला येणाऱ्यांना दिसतो तो कस्तुरचंद पार्क वेगळा आणि कार्यक्रमाच्या दिवशीचा वेगळा. स्टेज, मंडप, खुर्च्या, खाण्याचे स्टॉल, जनरेटरची गाडी, व्हीआयपींच्या गाड्या, मधली ती जुनी दगडी छत्री, हे सगळं वजा कर. उरेल तेवढंच तुझं मैदान.

आता मला खरं काय सांगायचं आहे ते ऐक. खाली बसलेल्या लोकांना उडीतलं काही कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. हजार फुटांवर वाऱ्यासोबत, सहाशेवर आडवी, तीनशेवर वाऱ्याला तोंड करून, असा पॅटर्न धरून तू मधोमध अलगद उभी राहिलीस, तरी टाळ्या. आणि घाईत ठरलेली उंची चुकवून, स्टेजवरून घसटत, शंभर फुटांवर टॉगल, म्हणजे कॅनपी वळवायच्या दोरीची मूठ, खेचून गर्रकन वळून कशीबशी उतरलीस, तरी टाळ्या. उलट जास्तच, शिट्ट्यांसकट. ड्रॉप झोनवर असं उतरलीस तर इन्स्ट्रक्टर बाजूला घेऊन कान उपटतो. इथे आमदार हार घालतात. आपल्या खेळातली कितीतरी माणसं व्यवस्थित उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या कॅनपीखाली गेली आहेत, जमिनीजवळ घेतलेल्या एका वळणापायी. म्हणून आपण व्यावसायिक आहोत की नाही याचा निकाल मैदानात लागत नाही. तो आधी लागतो, कागदावर, आणि नाही म्हणता येतं की नाही त्यावर.

तुझ्या निमंत्रणात एक ओळ आहे, 'उडी यशस्वीरीत्या पार पडल्यानंतर मानधन अदा करण्यात येईल.' ही ओळ पहिल्यांदा खोडून घ्यायची. उडी झाली तरच पैसे, असं ठरलं की वारा किती चालेल हा निर्णय तुझा राहत नाही, तो आयोजकांनी विकत घेतलेला असतो. विमानाच्या दारात बसल्यावर घरभाडं आठवणार नाही असं छातीठोकपणे कोणीच सांगू नये. नवरदेवाची घोडी अडली म्हणून वरातीतला बँडवाला पैसे सोडतो का? अर्धी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली तू साहित्य आणि ग्राउंड क्रू घेऊन मैदानावर तयार झालीस की. उडी होवो न होवो. सोबत एका पानावर मर्यादा लिहून द्यायच्या आणि त्यावर आयोजकांची सही घ्यायची: जमिनीवरचा वारा ताशी इतक्या किलोमीटरच्या वर गेला तर रद्द, ढग इतक्या फुटांच्या खाली आले तर रद्द, उतरायच्या पट्ट्यात एकही माणूस असेल तर रद्द, अमुक वाजल्यानंतर रद्द. ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर, ही प्रदर्शनाच्या उडीसाठी सर्रास धरली जाणारी वरची मर्यादा आहे. तुझ्यासाठी मी ती १६ किलोमीटर लिहीन, आणि त्यावर वाद घालणार नाही.

वेळेचा रकाना अजिबात कोरा सोडू नको. जानेवारीच्या शेवटी नागपुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उडी साडेपाचला, आणि प्रमुख पाहुणे साडेपाचला येतील असं तुला वाटते? बाप्पा! तू वर घिरट्या घालत राहणार, पायलट इंधनाकडे पाहणार, खाली निवेदक म्हणणार की साहेब पाचच मिनिटांत पोहोचताहेत. ती पाच मिनिटं कधी संपतात ते या गावाला माहीत आहे. अंधारत चाललेल्या मैदानात विजेच्या तारा दिसत नाहीत. म्हणून पावणेसहानंतर उडी नाही, हे निवेदकाच्या कागदावरही लिहिलेलं पाहिजे. रद्द झाल्यावर त्याने काय बोलायचं तेही तूच लिहून दे. नाहीतर तो 'आपली वाघीण उडी घेणारच' असं जाहीर करून मोकळा होतो, आणि मग ते वाक्य खरं करून दाखवायचं ओझं तुझ्या डोक्यावर. उडी नाही झाली तर जमिनीवर कॅनपी फुगवून दाखवता येते. पोरांना तेही आवडते.

मैदान पायी फिरल्याशिवाय होकार द्यायचा नाही, आणि फिरायचं मान वर करून. पार्काशेजारून मेट्रो जाते, उंच खांबांवरून, आणि तिच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. वारा बघ. हिवाळ्यात आपल्याकडे तो बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. तीन हजार फुटांवर कॅनपी उघडली तर खाली यायला साधारण तीन मिनिटं लागतात. ताशी २० किलोमीटरचा वारा तेवढ्यात तुला किलोमीटरभर ढकलतो. स्पॉट चुकला आणि तू वाऱ्याला तोंड द्यायला उशीर केलास तर पार्काऐवजी थेट बर्डीच्या बाजारात. तिथे उतरायला हातभर जागा सापडली तर मला कळव, मला गाडी लावायला कधी सापडलेली नाही. म्हणून पार्क सोडून आणखी दोन तरी पर्यायी जागा आधीच पाहून ठेवायच्या, आणि अमुक उंचीवर मैदान हाती लागत नसेल तर तिकडे वळायचं हेही आधीच ठरवायचं. वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो, फक्त आठवायला असतो.

स्टेजचंही असंच. तीस फूट उंच एलईडी भिंत असेल तर तिच्या पलीकडे वारा सरळ राहत नाही, गटांगळ्या खातो, आणि तो त्रास अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत पोहोचतो. म्हणजे तीनशे ते सहाशे फूट. आयोजकांना नेमकं तिथेच, स्टेजसमोर, पाहुण्यांच्या पायाशी उतरलेली हवी असतेस तू. हेच काम मे महिन्यात असतं तर मी पत्रही लिहिलं नसतं, सरळ फोनवर नाही म्हटलं असतं. ४५ अंशांत नागपूरची हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, कॅनपी नेहमीपेक्षा जोरात येते, आणि भर दुपारी मैदानात वावटळ उठली तर उघडलेली कॅनपीसुद्धा मिटू शकते.

आणि मांजा. हे तुला परदेशातल्या कोणत्याही इन्स्ट्रक्टरने शिकवलेलं नसणार. संक्रांत होऊन दहा-बारा दिवस झालेले असतात, झाडांवर, दिव्यांच्या खांबांवर, तारांवर नायलॉन मांजा लोंबत असतो. बंदी आहे, तरी असतोच. दुचाकीवाल्यांचे गळे त्याने कापलेत हे दर वर्षी पेपरात वाचतो आपण. शेवटच्या शंभर फुटांत तू दुचाकीच्याच वेगाने पुढे येत असतेस आणि तो धागा तुला दिसत नाही. आदल्या दिवशी क्रूने बांबू घेऊन कडेची झाडं साफ करायची, गळ्याला जाड पट्टा बांधायचा, आणि उडीच्या वेळी आसपासच्या गच्च्यांवरचे पतंग खाली उतरवायला पोलिसांना लेखी सांगायचं. हसतील. हसू दे.

तिरंग्याबद्दल जरा बारकाईने लिहितो, कारण तू त्याला एका ओळीत गुंडाळलं आहेस. झेंडा बाहेर काढायचा तो कॅनपी पूर्ण उघडून, दोन्ही टॉगल तपासून झाल्यावरच, आधी कधीच नाही. खालच्या टोकाला वाळूची छोटी पिशवी असते, त्यामुळे तो ताठ राहतो. ती पिशवी तुझ्या पायांच्या बरीच खाली लोंबत असते, म्हणजे जमिनीला तुझ्याआधी ती लागणार, आणि पाठोपाठ कापड. ध्वज संहिता २००२ सांगते की ध्वज जमिनीला लागता कामा नये. म्हणून झेंडा धरायला तीन-चार जण वेगळे लागतात, ज्यांनी आधी सराव केलाय असे, ऐनवेळी मंडपातून धरून आणलेले नव्हेत. त्यांनी तुझ्या वाटेत उभं राहायचं नाही, बाजूने धावत येऊन कापड झेलायचं. आणि झेंडा कॅनपीच्या दोऱ्यांमध्ये अडकला तर तो सोडून द्यायची सोय हार्नेसवर पाहिजे, शिवाय ती वापरायला मनाची तयारी पाहिजे. झेंड्याखाली प्रायोजकाची पट्टी लावा असं कुणी म्हणेलच. तिथे तुला भांडावंही लागणार नाही, संहिता पुढे कर.

नऊवारी आणि फेट्याचा आग्रहही वाचला. पुण्याच्या शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी घेतली होती, हे आयोजकांना बरोबर ठाऊक आहे. त्या उडीमागे शेकडो उड्यांचा अनुभव होता, खाली मोकळा ड्रॉप झोन होता, हे त्यांना ठाऊक नाही. हेल्मेटवर कॅमेराही नको. तू रील कोणत्या कोनातून येईल याचा विचार करत असशील तर उंचीचा विचार कोण करतंय?

मंडपात रिग, म्हणजे पॅराशूटची पाठपिशवी, कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. खुर्चीवर ठेवलेली दिसली की एखादा हौशी कार्यकर्ता 'हे ओढलं की काय होते हो?' असं विचारतो, आणि विचारता विचारता ओढतोही. ते रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं, हँडल निघालं तर संपला कार्यक्रम, कारण रिझर्व्ह पॅक करायला प्रमाणित रिगर लागतो, तो काही मंडपवाल्याकडे मिळत नाही. विमानात बसण्याआधी पिशवी बंद ठेवणारी पिन बघ, ती अडकते तो दोरा, म्हणजे क्लोजिंग लूप बघ, लूपचा एखादा धागा जरी विस्कटलेला दिसला तरी बदल. मग दुसऱ्याला बघायला सांग. धुराच्या नळकांड्या पहिल्या खेपेला नकोच.

परवानग्या मिळाल्या म्हणजे सगळ्यांना कळलं असंही समजू नकोस. २० एप्रिल २०२२ ला वॉशिंग्टनमध्ये बेसबॉलच्या मैदानात लष्कराचे पॅराशूटवाले उतरणार होते. त्यांचं विमान वर फिरताना दिसलं आणि कॅपिटलची, म्हणजे अमेरिकी संसदेची, इमारत रिकामी करावी लागली, कारण तिथल्या पोलिसांना कुणी कळवलंच नव्हतं. आपलं मैदान तर रिझर्व्ह बँकेच्या आणि रेल्वे स्टेशनच्या जवळ. उडीच्या सकाळी प्रत्येक ठिकाणी तू स्वतः फोन करायचा, आणि समोरच्याचं नाव व वेळ वहीत लिहायची.

आता यंदाचं काय ते. आयोजकांना सांग की उडी घ्यायला ५०० उड्या आणि प्रदर्शनाचा अनुभव असलेली जोडी आणते, आणि ग्राउंड क्रूची प्रमुख मी. वारा दाखवणारा विंडसॉक लावणं, रेडिओवर वारा सांगणं, पट्टा मोकळा ठेवणं, झेंडा झेलणारी पोरं तयार करणं, आणि वेळ आली तर जमिनीवरून 'रद्द' म्हणणं, हे सगळं तुझ्याकडे. हवाई दलाचं आकाशगंगा पथक कधी पाहायला मिळालं तर वर बघू नकोस, त्यांची खालची माणसं काय करतात ते बघ. १९८७ पासून ते लोक हे काम करत आहेत.

रविवारी सकाळी सातला पार्काच्या फाटकाशी ये, लॉगबुक आणि मोजपट्टी घेऊन. निमंत्रणाची एक प्रत माझ्यासाठी आण, त्या मानधनाच्या ओळीची नवी भाषा आपण तिथेच लिहू.

तुझा,
काका