घरापासून 40 मीटरवर गॅसची लाइन: धोका कसा मोजायचा?

गोव्यातल्या वेर्ण्यात घरापासून 40 मीटरवरून नैसर्गिक वायूची लाइन जाणार, तेवढं अंतर पुरेसं आहे का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या अंतरावरून ते ठरत नाही. पाइप कशाचा, बाहेरचा व्यास किती आणि कमाल दाब किती, हे कंपनीकडून लेखी घ्या.

पोलादी लाइन फुटून पेटली तर जीवघेणी झळ कुठवर येईल, याचा हिशेब घरीही करता येतो. बार या एककातल्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला मिलिमीटरमधल्या व्यासाने आणि मग 0.0315 ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं. 219 मिमीची लाइन 49 बारवर असेल तर 7 × 219 × 0.0315, म्हणजे 48 मीटर. लाइनपासून एवढ्या अंतराच्या वर्तुळात घर आत आलं. 114 मिमी आणि 19 बार असेल तर जेमतेम 16 मीटर. घर आत येत असेल तर पुढचे प्रश्न विचाराच: जवळचा व्हॉल्व्ह किती दूर आहे, आणि गंजरोधक कॅथोडिक संरक्षणाचं (पाइपाला सौम्य वीजप्रवाह देऊन गंज रोखण्याच्या सोयीचं) रीडिंग उणे 0.85 व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण येतं का. लाइन खाडीकाठच्या खाजनाच्या खारट, ओल्या जमिनीतून जात असेल तर हे रीडिंग फार महत्त्वाचं, कारण तिथे पाइपाच्या आवरणाला चीर पडली की पोलाद झपाट्याने गंजतं.

पिवळी एमडीपीई (मध्यम घनतेच्या प्लास्टिकची) लाइन असेल तर मात्र हे वर्तुळ विसरा. तिचा दाब साधारण 4 बारपर्यंतच असतो. खरी भीती गळतीची. वर डांबर, काँक्रीट किंवा पावसाने चिंब झालेली माती असली की वायूला वर यायला वाट मिळत नाही. मग तो केबलच्या पाइपातून, गटारातून आडवा सरकत घरात शिरतो. हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगी पुरते. मातीतून येताना त्याचा वासही कमी होऊ शकतो, म्हणून वास नाही म्हणजे गळती नाही असं धरू नका. डबक्यात बुडबुडे किंवा पट्ट्यापुरतंच सुकलेलं गवत दिसलं तरी कळवा.

सांडपाण्याच्या किंवा भूमिगत वीजवाहिनीच्या खोदकामात जेसीबीचा दात लागला, तर इंजिन बंद करून वाऱ्याच्या उलट दिशेला जा आणि तिथून कंपनीला व 112 ला फोन करा. खड्ड्यात माती लोटू नका, वायू जमिनीखालून घरांकडे जाईल. पेटलाच तर ज्वाळा विझवू नका. व्हॉल्व्ह कंपनीची माणसं बंद करतील.