कोकोची शेंग की ककाओची बी?

‘चॉकलेट कोकोच्या शेंगांपासून तयार होते’ या वाक्यात ‘शेंग’ हा शब्द चालेल का, आणि ‘ककाओ’ व ‘कोको’ यांत फरक कोणता, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते ‘शेंग’ चालू नये. इंग्रजीत या फळाला ‘पॉड’ आणि त्यातील बियांना ‘बीन’ म्हणतात, त्या शब्दांमागून ती मराठीत शिरली असावी. शेंग म्हटली की मटारासारखी, शिवणीवर उकलणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. ककाओचे फळ मात्र थेट खोडावर लगडते, पिकले तरी आपणहून उकलत नाही आणि त्याची जाड साल फोडावीच लागते. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात पाच ओळींनी साधारण 30 ते 40 बिया बसलेल्या असतात. शिवाय हे झाड कडधान्यांच्या नव्हे, भेंडी-कापसाच्या कुळातले. चिंचोका, आठळी, सरकी अशी बियांना वेगळी नावे देणाऱ्या मराठीने इथेही एखादा शब्द घडवला असता तर बहार आली असती. तूर्त ‘फळ’ आणि ‘बी’ पुरेत.

आता दुसरा प्रश्न. ‘ककाओ’ हे मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतील मूळ ‘ककाहुआत्ल’चे स्पॅनिश रूप. ‘कोको’ हे त्याचेच इंग्रजीत बिघडलेले रूप असून त्या बिघाडात नारळाचा हात आहे: पोर्तुगीज नारळाला ‘कोको’ म्हणत, दोन्ही शब्दांची सरमिसळ झाली आणि सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात तर दोघांची माहिती एकाच नोंदीखाली छापली गेली. मराठीत झाडालाही ‘कोको’ म्हणतात, ते चूक नाही. तरी झाड, फळ आणि बी यांना ‘ककाओ’ म्हणावे व ‘कोको’ हा शब्द भुकटीसाठी राखावा, म्हणजे घोटाळा टळतो. बीमध्ये निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. तो दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट 1828 मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांना मिळाले. उरलेली पेंड दळली की झाला कोको.

तेव्हा आपले वाक्य ‘चॉकलेट ककाओच्या आंबवून, वाळवून भाजलेल्या बियांपासून तयार होते’ असे लिहावे. त्यातले ‘आंबवून’ लांबी कमी करण्यासाठी गाळू नये, कारण ताजी बी चिरली तर आत बहुधा जांभळी दिसते, कडू-तुरट लागते आणि तिच्यात चॉकलेटचा मागमूसही नसतो.