नवरा बाहेरगावी, घरात सासू-सासरे, मुलांवर सतत चिडचिड. ऑनलाइन थेरपीचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की विट्याला सासू-सासऱ्यांजवळ राहता, मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळे तिकडं कोइमतूरला, मोठा दुसरीत, धाकटी तीन वर्षांची, अभ्यासाला बसवलं की रोज आरडाओरडा, कधी हात उठतो आणि मग रात्री झोप लागत नाही. आणि विचारलंय की ऑनलाइन थेरपी म्हणजे नुसता पैसे उकळायचा प्रकार आहे का, आणि घरात कळलं तर काय.

उपयोग होतो. मी सांगलीची, आमचे हे चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री येणार आणि रविवारी संध्याकाळी बॅग उचलून परत, त्यामुळे दोन्ही पोरांचं सगळं माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी बरेच महिने एका सायकॉलॉजिस्ट मॅडमशी व्हिडिओवर बोलत होते म्हणून सांगते. लोक म्हणतात ऑनलाइनमुळे जायचा-यायचा वेळ वाचतो, डॉक्टरच्या दारात ओळखीचं कुणी बघत नाही, ते बरोबरच आहे. पण आपल्यासारख्यांना सगळ्यात मोठा फायदा हा की नवरा तिकडून त्याच कॉलवर येऊ शकतो. आमच्या ह्यांना क्लिनिकमध्ये न्यायचं म्हणजे आधी सुट्टी टाका, वर "मला काय झालंय, तूच जा" हे ऐका. व्हिडिओवर मात्र कंपनीच्या पार्किंगमध्ये उभं राहून का होईना जॉइन झाले. मॅडमनी त्यांना दोनच कामं लावली. रोज रात्री पोरांना फोन करायचा पण "अभ्यास केलास का, मम्मीला त्रास दिलास का" ही चौकशी बंद, नुसत्या गप्पा. आणि मुलांच्या बाबतीत आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, काही सांगायचं असेल तर ते मुलानं सांगायचं, सुनेनं नाही. खरं सांगू का, ह्या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो माझ्या श्वासाच्या व्यायामांनी पडला नाही. तुमचे मिस्टर वर्षातून जत्रेला नाहीतर दिवाळीला येत असतील तर तुम्हाला ह्याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

आता सेशनमध्ये होतं काय. मूल लहान असलं की मुलाला फारसं समोर बसवत नाहीत, काम आईबापांमार्फतच चालतं. साधारण पाऊण तास असतो. मला वाटलेलं मारण्यावरून लेक्चर मिळणार, तर पहिला प्रश्न आला झोप किती होते, दिवसातून स्वतःसाठी कधी बसता. मग वहीत लिहायला सांगितलं, भांडण कधी झालं, त्याच्या आधी काय चाललेलं, पोरानं काय केलं, त्यावर तुम्ही काय केलं. लिहिल्यावर दिसलं की आमची सगळी रणधुमाळी कणीक मळायच्या वेळेलाच होते, पोरगं भुकेलेलं, मी ऑफिसातून दमून आलेली, बाहेर आत्यांची मालिका मोठ्या आवाजात, आणि त्यात मी म्हणणार पाढे म्हण. अभ्यास सकाळी हलवला आणि निम्मी भांडणं गेली. बाकीचं म्हणजे रोज दहा मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ ज्यात आपण शिकवायचं नाही की सूचना द्यायची नाही, एका वेळी एकच काम सांगायचं आणि ते स्वयंपाकघरातून ओरडून नाही तर जवळ जाऊन, "शहाणा गं बाई माझा" ऐवजी "दप्तर जागेवर ठेवलंस, छान केलंस" असं नेमकं बोलायचं, बारीक कुरबुरींकडे काणाडोळा करायचा. वाचताना बाळबोध वाटतं मला माहितीय. आणि सुरुवातीला पोरगं उलट जास्त चेकाळतं, कारण आधी रडलं की लक्ष मिळायचं ते आता मिळत नाही, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं म्हणून मी टिकले नाहीतर तिथंच सोडून दिलं असतं.

घरच्यांचं म्हणाल तर अडचण घरात बोलायचं कुठं ही आहे. इयरफोन लावला की मॅडमचं कुणाला ऐकू जात नाही पण आपलं सगळं जातं! मी स्कूटर काढून आमराईत बाकावर जाऊन बसायचे. तुम्हाला गच्ची, शेतातली खोली, मुलीला बालवाडीत सोडल्यानंतरचा तास, काहीतरी शोधावं लागेल, आणि बोलणं जमतच नसेल तर काही जण चॅटवरही सेशन घेतात, ते विचारून बघा. बाकी मानसिक उपचारातली माहिती गुप्त ठेवायचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. जिवाला धोका वाटला वगैरे अपवाद असतात, ते पहिल्या सेशनलाच समजावून सांगतात. नाही सांगितलं तर आपण विचारायचं.

माणूस निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. काउन्सेलर किंवा पॅरेंटिंग कोच अशी पाटी आपल्याकडं कुणीही लावतो, रील्सवर तर पीक आलंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया ह्या सरकारी संस्थेकडे नोंदणी लागते, बिनधास्त नंबर मागा, राग आला तर समजा. गोळ्या लिहून द्यायच्या असतील तर सायकॅट्रिस्ट, तो एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर असतो. दहा सेशनचं पॅकेज आधीच पैसे भरून घेऊ नका, एकेक घ्या. आणि मराठीच बोलणारं बघा, आपल्या घराची रीत माहीत असलेलं. मला आधी एक भेटलेल्या, त्यांचा सल्ला काय तर वेगळं बिऱ्हाड करा. अहो बाई, घर सासऱ्यांच्या नावावर, पोरं सांभाळतात आत्या, बिऱ्हाड करू कुठं?

पैशाची अडचण असेल तर आधी १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पोरं झोपल्यावर रात्री अकराला लावला तरी चालतं. दर वेळी तोच माणूस फोन उचलेल असं नाही, त्यामुळे ती चालू थेरपी म्हणून नका धरू, पण मन मोकळं करायला आणि पुढं कुणाकडं जायचं हे विचारायला उत्तम. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर ह्याच नंबरवर लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा, तेव्हा स्लॉट बुक करत बसायचं नाही. घरात कुणी अंगावर हात टाकत असेल तर ते थेरपीचं काम नव्हे, त्याला १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा पोलिसांसाठी ११२.

आणि एक, तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलगा अक्षरं उलटी काढतो आणि फळ्यावरचं उतरवून आणत नाही. दुसरीत थोडंफार असं होतं, पण आधी डोळे तपासून घ्या, बाईंना वर्गात काय दिसतं ते विचारा. तिसरीत गेल्यावर, आठ वर्षांच्या आसपास, अजून तसंच असेल तर लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे वाचा-लिहायला शिकण्यातल्या अडचणीची तपासणी करून घ्या. ती समोर बसवूनच होते, व्हिडिओवर कुणी करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, चौकशी तिथून सुरू करा. तोवर निदान शुद्धलेखनावरून तरी त्याला मारू नका, कदाचित ते त्याच्या हातात नसेलही.